भाऊकाकांचा परदेश

बेल वाजली की भाऊकाका आधी कात्री शोधतात, मग चष्मा, आणि मग दार उघडतात. हा क्रम ठरलेला आहे. बेल वाजवणारा पाहुणा असेल ही शक्यता त्यांच्या घरातून कधीच हद्दपार झालीय. पार्सलवालाच असणार. ‘ओटीपी सांगा काका’ हे वाक्य त्यांच्या कानावर दिवसाकाठी जितक्या वेळा पडतं, तितक्या वेळा स्वतःच्या मुलाची हाक पडत नसेल.

मी या सोसायटीत राहायला आलो त्या आठवड्यातच त्यांनी मला चहाला बोलावलं. चहा स्वतः केला. कप जपानी, गाळणं कोरियन, चमचा ‘स्वीडिश स्टील’चा. मी रीतीप्रमाणे म्हटलं, “काका, चहा छान झालाय.”

“चहाचं सोड रे. गाळणं बघ.”

गाळण्याची जाळी एका बाजूनं कडीतून सुटली होती आणि निम्मी पत्ती माझ्या कपात उतरली होती. ते मी बोललो नाही. नवीन शेजार होता.

असा एक भाऊकाका तुमच्याही सोसायटीत असणार. तो श्रीमंत नसतो आणि उधळ्या तर मुळीच नसतो. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच मिनिटं घासाघीस करतो आणि वर कढीपत्ता मागून घेतो. पण तोच माणूस ४९९ रुपयांत जर्मनी विकायला ठेवलेली दिसली की डोळे मिटून पैसे भरतो. त्याला वस्तू नकोच असते, तिच्या पाठीवरचं गाव हवं असतं. किसणीला धार आहे का, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. किसणी कुठली, हा येतो.

यात सगळा दोष त्यांचा नाही म्हणा. भाऊकाकांचं तारुण्य सत्तरच्या दशकात मुंबईत गेलं. दिवसा सरकारी कचेरी, रात्री दादरला लॉजवर कॉट बेसिस. तो काळच असा होता की स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. तेव्हा मुसाफिरखान्यात नाहीतर मनीष मार्केटात कुणीतरी इकडेतिकडे बघत कानाशी पुटपुटायचा, “साहेब, बोटीवरचा माल आहे.” त्या पुटपुटण्यातच अर्धी किंमत वसूल व्हायची. कुणाचा मेव्हणा आखातातून आला की चाळभर अत्तराचा घमघमाट, आणि टू-इन-वन ऐकायला नाही तर बघायला माणसं जमायची. भाऊकाकांनी त्या काळात एक जपानी नायलॉनचा शर्ट घेतला होता. उन्हाळ्यात तो अंगाला चिकटायचा, घामानं जीव नकोसा व्हायचा. पण ‘फॉरेनचा’ म्हणून त्यांनी तो तीन वर्षं चिकटवून घेतला. त्यावर ‘मेड इन यूएसए’ असतं तर आणखी बरं झालं असतं, असं ते अजून म्हणतात. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद त्या काळी पोराटोरांनाही पाठ होता. भाऊकाकांनाही होता. ते हसायचे आणि पुढच्या रविवारी लोकल पकडून उल्हासनगरला जायचे.

१९९१ साली बाजार उघडला आणि बोटीवरचा माल सरळ दुकानात येऊन बसला. इतर माणसं निवांत झाली. भाऊकाकांचा मात्र विरस झाला. जे कोपऱ्यावरच्या दुकानात पावतीसकट मिळतं, ते फॉरेनचं कसलं? मधली पंचवीसएक वर्षं त्यांनी उदासीतच काढली. मग मुलानं त्यांना मोबाइल घेऊन दिला आणि बोटीवरचा माणूस पुन्हा कानाशी पुटपुटायला लागला: ‘फक्त दोन नग शिल्लक.’

पार्सल उघडण्याचा एक विधी आहे. दिवाणखान्यात आजोबांचा जुना फोटो आहे. ७ ऑक्टोबर १९०५ ला पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, तीत कॉलेजात शिकणाऱ्या या आजोबांनी अंगातला कोट काढून टाकला, असं घरात सांगतात. सावरकरांना त्या होळीपायी दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. आजोबांना दंड झाला नाही, फक्त थंडी वाजली, हे काकूंचं म्हणणं. तर त्या फोटोखालीच पार्सल ठेवायचं. कात्रीनं चिकटपट्टी अलगद कापायची, कारण खोकं पुढं जपायचं असतं. माळ्यावर खोक्यांची जी चळत आहे, तिच्यात वस्तूंपेक्षा जास्त युरोप आहे. मग खोकं फिरवून फिरवून वाचायचं. मागच्या एका तव्याच्या खोक्यावर ‘जर्मनी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ए-च्या जागी ई पडला होता. मी बोट ठेवलं. भाऊकाका म्हणाले, “अरे, त्यांचं इंग्रजी कच्चंच असतं. जर्मन लोक ना ते! यावरूनच ओळख.”

याच्यापुढं काय बोलणार?

बारकोडचंही शास्त्र त्यांनी कुठूनसं मिळवलंय. सुरुवातीला ८९० म्हणजे भारत, ४०० ते ४४० म्हणजे जर्मनी. पाठ आहे. खरं तर कंपनीनं तो नंबर कुठल्या देशाच्या नोंदणी संस्थेकडून घेतला, एवढंच त्या आकड्यांतून कळतं. माल कुठं घडला ते नाही. आणि नकली माल करणाऱ्याला चार आकडे छापायला काय जड आहे? जो अख्खं खोकं छापतो तो ४०० सुद्धा छापतो. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता असावाच लागतो, तो मात्र भाऊकाका कधी वाचत नाहीत. मी एकदा भिंग घेऊन वाचला. गाळा नंबर अमुक, भिवंडी. मोबाइलवर पार्सलचा माग काढला तर तोही भिवंडीतून सुरू होऊन थेट पुण्यात. तेव्हा मला जाणवलं, पन्नास वर्षांत भाऊकाकांचा परदेश कल्याणच्या अलीकडून फक्त कल्याणच्या पलीकडं सरकलाय.

गेल्या पावसाळ्यात कुकर आला. ‘जर्मन टेक्नॉलॉजी’, तीन लिटर, वर काचेचं झाकण फुकट. काकूंनी तो हातात घेतला, उपडा केला, कडेकडेनं बोट फिरवलं.

“अहो, आयएसआय कुठंय यावर?”

“अगं, आयएसआयमधला पहिला आय इंडियनचा. जर्मन कुकरवर तो कशाला येईल?”

ऐकायला बिनतोड आहे. पण फेब्रुवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती प्रेशर कुकरला ते चिन्ह सक्तीचं आहे, मग कुकर बर्लिनचा असो नाहीतर बोईसरचा. चिन्हासोबत परवाना क्रमांकही असतो आणि मानक ब्युरोच्या अ‍ॅपवर तो घालून परवाना खरा की खोटा ते घरबसल्या पाहता येतं. असले बिनचिन्हाचे कुकर विकू दिले म्हणून २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं एका बड्या ऑनलाइन कंपनीला एक लाख रुपये दंड केला आणि विकले गेलेले २,२६५ कुकर परत घ्यायला सांगितले. एक लाख रुपये! एवढ्या मोठ्या कंपनीचा तेवढा तर चहापाण्याचा खर्च असेल. असो.

काकूंनी तुरीची डाळ लावली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, शिट्टी होईना. हँडलच्या बुडातून वाफेची एक बारीक रेघ निघाली आणि कुकर पायात काटा मोडल्यासारखा जागच्या जागी थरथरायला लागला. काकूंनी पदर तोंडावर घेऊन, हात लांब करून गॅस बंद केला. तेवढ्यात रबराची रिंग एका बाजूनं जिभेसारखी बाहेर आली आणि सगळं वरण एक्झॉस्ट फॅनला. मी धावत गेलो तेव्हा भाऊकाका स्टुलावर उभे राहून फॅनची पाती पुसत होते. चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

“तिकडच्या कुकरना शिट्टीच नसते रे. शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून.”

गंमत अशी की हे अगदीच खोटं नाही. युरोपातले बरेच कुकर खरंच शिट्टी देत नाहीत. पण ते वरणही देत नाहीत असं नाही.

काकू म्हणाल्या, १९१५ ला फोन लावा, ग्राहकांसाठी सरकारी नंबर आहे, फुकट आहे. भाऊकाकांनी लावला नाही. आपण फसलो हे सरकारदरबारी कशाला नोंदवायचं? शिवाय एक अडचण होती, ती पुढं चार दिवसांनी काकूंनी शोधून काढली. खोक्यात एक चिठ्ठी होती: पाच तारे द्या, पन्नास रुपये परत मिळवा. भाऊकाकांनी कुकर गॅसवर चढायच्या आधीच पाच तारे देऊन टाकले होते, वर ‘सासूबाईंनाही आवडला’ असं लिहिलं होतं. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली.

दिवाळीत पुतण्या आला. तो श्टुटगार्टला असतो, चांगली सात-आठ वर्षं. काकांचा षोक माहीत असल्यानं त्यानं त्यांच्यासाठी एक सुरी आणली. सोलिंगनची. या गावाचं नाव सुऱ्या-कात्र्यांवर कुणी घालावं आणि कुणी घालू नये यासाठी तिकडं १९३८ सालापासून कायदा आहे, एवढा त्या गावाच्या पोलादाचा मान. भाऊकाकांनी खोकं हातात घेतलं. साधा पुठ्ठा. चित्र नाही, झेंडा नाही, गरुड नाही. उलटंसुलटं करून झालं. आतून निघाली वीतभरसुद्धा नसलेली सुरी, काळ्या प्लास्टिकच्या मुठीची.

“एकच? सेट नाही?”

“नाही काका, एकच. पण चांगली आहे.”

“होलोग्राम?”

“तो नसतो काका.”

भाऊकाकांनी त्याच्याकडं फार मायेनं पाहिलं. आत जाऊन ते आपला ‘सोलिंजन’ सेट घेऊन आले: सहा सुऱ्या, लाकडी ठोकळा, प्रत्येक पात्यावर चमकता होलोग्राम, सोबत सोलाणं फुकट, सगळं मिळून ४९९. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. काही बोलले नाहीत. पुतण्या गेल्यावर मात्र मला म्हणाले, “इतकी वर्षं तिथं राहून पोरगं फसलं बघ. भाबडं आहे पहिल्यापासून.”

जाताना पुतण्यानं बॅगेत काय भरलं असेल? तुळशीबागेतून काकूंनी आणून दिलेला पाच लिटरचा कुकर, आयएसआयवाला. भाऊकाकांना ते लागलं. तिकडं कुकर मिळत नाही का रे, म्हणाले.

“मिळतो की. पण शिट्ट्या मोजता येत नाहीत हो काका. राजमा शिजला का नाही ते कळणार कसं?”

होलोग्रामवाल्या सहांपैकी तीन पाती होळीच्या आत मुठीतून निसटली, चौथं लाल भोपळ्यात रुतून वाकलं. पुतण्याची सुरी अडगळीच्या खणात पडली होती, ती काकूंनी बाहेर काढली. रोजची भेंडी, दुधी, कैऱ्या, सगळं तिच्यावर. परवा मी बसलेलो असताना भाऊकाकांनी सफरचंद चिरायला ती उचलली. साल कागदासारखी पातळ, एकसंध उतरत खाली आली. ते क्षणभर थांबले.

“अगं, ही कुठली?”

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

“तुळशीबागेतली. चाळीस रुपये.”

“चालते बरी,” भाऊकाका सफरचंदाची फोड माझ्यापुढं करत म्हणाले, “पण सोलिंजनची सर नाही.” आणि चष्मा लावून त्यांनी मोबाइल हातात घेतला.

या वेळी बारा सुऱ्यांचा सेट आहे. पार्सल काल रात्री भिवंडीहून निघालंय.