उभी गाडी, बसलेली बॅटरी

सिएटलहून दर रविवारी सकाळी फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मामा, गाडी कशी आहे?" मामा कसा आहे ही चौकशी साधारण चौथ्या मिनिटाला होते, तीही मामीने मध्ये तोंड घातले तर.

मामा म्हणजे प्रस्तुत लेखक. चार वर्षांपूर्वी भाचा अमेरिकेला गेला तेव्हा त्याने मामाकडे तीन वस्तू ठेवल्या : एक ट्रेडमिल, एक गिटार आणि २०१६ साली घेतलेली पांढरी हॅचबॅक. ट्रेडमिलवर कपडे वाळतात, गिटारवर धूळ बसते; दोघांचीही काही तक्रार नाही. गाडीचे तसे नाही. "अधूनमधून फिरवत जा मामा, तुम्हालाही होईल," असे किल्ली देताना भाचा म्हणाला होता. (एरवी तो मामाला अरे-तुरे करतो; "तुम्ही" ऐकल्यावरच सावध व्हायला हवे होते.) एखाद्याचा मामा बनवणे म्हणजे काय, याचा अर्थ प्रस्तुत लेखकाला तेव्हापासून हप्त्याहप्त्याने कळतो आहे.

गाडी चालवली की झिजते, उभी ठेवली की टिकते, असा आपल्याकडे एक समज आहे. तो बहुधा दागिन्यांवरून आला असावा. गाडी ही वस्तू नेमकी उलट वागते. घाटात, खड्ड्यात, उन्हातान्हात बिनबोभाट धावणारी गाडी तीन आठवडे झाडाखाली उभी राहिली की रुसते, आणि तिची समजूत काढायला दर वेळी किमान दोन हजार रुपये लागतात.

मुळात उभी करायची कुठे इथपासून सुरुवात. प्रस्तुत लेखकाची सोसायटी कोथरूडची, १९८० च्या दशकातली. ती बांधली तेव्हा पार्किंग म्हणजे स्कूटर लावायची जागा, आणि जिन्याखाली सायकली. त्यामुळे गाडी रस्त्यावर. पुण्यातल्या अनेक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्या असतात. एका कडेला विषम तारखेला गाडी लावायची, समोरच्या कडेला सम तारखेला. म्हणजे रोज सकाळी किल्ली घेऊन खाली उतरायचे, चौकातून वळसा मारायचा आणि गाडी समोर आणून लावायची. अंतर दोनशे मीटर.

ही कवायत अंगवळणी पडली आणि तिथेच घात झाला. पहिल्याच वर्षी एक जूनला सकाळी मामांनी शिस्तीत गाडी हलवली आणि दुपारी चाकाला जॅमर लागला. चौकातले मामा, म्हणजे खाकी पँटीतले खरे मामा, आले.

"काका, आज तारीख काय?"

"एक."

"आणि काल?"

"एकतीस."

पुढे कोणीच काही बोलले नाही. मे महिन्याचा शेवटचा दिवस विषम, जूनचा पहिलाही विषम. ज्या दिवशी गाडी जागची हलवायची नव्हती नेमकी त्याच दिवशी ती हलवली होती. वर्षात असे सात महिने एकतीस दिवसांचे असतात, म्हणजे सात वेळा गाडीला विश्रांती. (लीप वर्षात २९ फेब्रुवारीमुळे आठ.) उरले ३५८ दिवस. दोनशे मीटरप्रमाणे वर्षाकाठी साधारण बहात्तर किलोमीटर होतात. एवढ्या अंतरात गाडी पुण्याहून निघून खंडाळ्याला पोहोचली असती. तिने ते कोथरूडातल्या एकाच रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जाण्यात खर्च केले.

आता कोणी म्हणेल, रोज सुरू होते ना, मग चांगलेच की. प्रस्तुत लेखकालाही तसेच वाटत होते. एका सोमवारी किल्ली फिरवल्यावर बॉनेटखालून नुसता 'टक' असा आवाज आला. गॅरेजवाला आला, त्याने मीटर लावला आणि डॉक्टर रिपोर्ट बघून मान हलवतात तशी हलवली. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असली की मीटरवर १२.६ च्या आसपास आकडा दिसतो. इथे बाराच्याही खाली होता.

"काका, गाडी चालवता का?"

"रोज," मामा अभिमानाने म्हणाले.

"किती?"

"इथून तिथपर्यंत."

मग त्याने जे समजावले ते प्रत्येक उभ्या गाडीच्या मालकाने ऐकण्यासारखे आहे. इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून भरपूर करंट एका दमात ओढतो. तो भरून काढायला गाडी वीस-तीस मिनिटे बऱ्या वेगाने धावावी लागते. दोनशे मीटरमध्ये भरपाई होत नाही. रोज बँकेतून शंभर काढायचे आणि दहा भरायचे असा तो हिशेब. शिवाय गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघत बसलेला कॉम्प्युटर हे सगळे थोडे थोडे खातच असतात. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी गाडी पाच मिनिटे जागेवरच सुरू ठेवतात आणि मग समाधानाने पेपर वाचतात. त्यांच्या बॅटरीलाही फारसे काही मिळत नाही. मिळतो तो धूर, आणि तो पहिल्या मजल्याला. आठवड्यातून एकदा अर्धा तास नीट फिरवून आणणे हे रोजच्या पाच मिनिटांपेक्षा कितीतरी बरे. जास्त दिवस बाहेरगावी जायचे असेल तर बॅटरीच्या ऋण टोकाची वायर काढून ठेवावी.

त्या सोमवारी मात्र आधी धक्का मारण्याचा निर्णय झाला. बंद गाडीला धक्का मारणे हा पुण्यातला एकमेव सार्वजनिक कार्यक्रम आहे ज्याला लोक वेळेवर येतात. वॉचमन, इस्त्रीवाला, दूध आणायला निघालेले दोघे आणि धक्का न मारता सूचना देणारे चौघे असे मंडळ जमले. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की सोडायचा. तीनदा झाले. गाडी हसली नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना हा उपाय चालून जाई. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पार बसलेली असली की ढकलणाऱ्यांचा व्यायाम तेवढा होतो. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरू करण्याचा विचारही करू नये.

शेवटी जंपर केबल आली. हिचा क्रम लक्षात ठेवावा. लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि उरलेला काळा बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ही लांबण. सूचना देणाऱ्या चौघांपैकी तिघांनी वेगवेगळे क्रम सांगितले होते.

बॉनेट उघडले तेव्हा आणखी एक गोष्ट उघडकीला आली. इंजिनावर गेल्या दसऱ्याच्या हारातला वाळका झेंडू, वडापावच्या कागदाचे तुकडे आणि एका सेन्सरची अर्धवट कुरतडलेली वायर. उंदराचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजवत राहिला नाही तर त्याचीच पंचाईत, म्हणून तो कुरतडतो. उभ्या गाडीचे इंजिन म्हणजे त्याला ऊबदार, बिनभाड्याची आणि वायरिंगची सोय असलेली जागा. मामीने याला वेगळाच अर्थ दिला. दसऱ्याला आपण वाहनाची पूजा करतो, उंदीर हे गणपतीचे वाहन, तेव्हा वाहनात वाहन आले तर तक्रार कसली, असे तिचे म्हणणे. वायरिंगच्या बिलाची आरती मात्र मामांना एकट्यालाच म्हणावी लागली.

त्यानंतर उपायांचा पाऊस पडला. डांबरगोळ्या, तंबाखूची पुडी, लाल तिखट, फिनेलचा बोळा. तंबाखू ठेवली तेव्हा ती उंदराच्या आधी वॉचमनने शोधून काढली. अनुभवान्ती खात्रीचे वाटणारे उपाय दोनच. खालून बारीक तारेची जाळी लावून घ्यावी आणि गाडी हलती ठेवावी. तिसरा उपाय म्हणजे गाडी वडापावच्या गाडीजवळ लावू नये, पण सम तारखेला तेवढीच जागा मोकळी असते.

पुण्यातल्या फाटकांवर "येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल" अशा पाट्या असतात. प्रस्तुत लेखक त्यांना आता भीत नाही. उभी गाडी आपली हवा आपणच सोडते, महिन्याला साधारण एक पीएसआय. चार महिन्यांत टायर बसके दिसू लागते, आणि एकाच जागी भार राहिला तर ते तिथे चपटे होऊन पुढे धावताना थडथडते. हवा किती हवी हे पंपावरच्या मुलाला विचारू नये, त्याचे उत्तर सगळ्या गाड्यांना "पस्तीस" असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर आकडा लिहिलेला असतो. तो थंड टायरचा आकडा आहे, दहा किलोमीटर तापवून आणलेल्या टायरचा नव्हे.

स्टेपनीची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी. हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो कुठल्या तरी इंग्रज आजोबांचे आडनाव असावे अशी शंकासुद्धा येत नाही. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली, कारण तेव्हाच्या मोटारींना ते मिळतच नसे. चाकाला रस्त्याचे नाव पडले. साहेब पुढे 'स्पेअर' म्हणू लागला आणि तो शब्द विसरला. आपण तो डिकीत जपून ठेवला. डिकीत जपून ठेवलेल्या गोष्टींचे जे होते तेच त्या चाकाचेही होते. मामांनी स्टेपनी बाहेर काढली तेव्हा तिच्यात हवा नव्हती आणि तिच्यावर लोणच्याच्या बरणीचा गोल डाग होता. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हिच्यावर ०८१६ होते, म्हणजे २०१६ चा आठवा आठवडा. चाक एकदाही जमिनीला न लागता म्हातारे झाले होते.

पावसाळ्यात उभ्या गाडीचे हाल वेगळेच. पुढच्या काचेच्या खालच्या खाचेत झाडाची पाने अडकतात, पाण्याची वाट बुजते आणि पाणी आत पायपुसण्याखाली साचते. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी महिनाभर भिजली तर मागचे ब्रेक धरून बसतात. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये टाकून चाकामागे वीट लावावी, हँडब्रेक सोडून द्यावा. आणि पाणी चढलेच, तर एक गोष्ट अजिबात करू नये. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचे पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत गाड्या बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर "सुरू होते का बघू" म्हणून किल्ली फिरवण्याचा मोह अनावर होतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि दांडा वाकून इंजिन कामातून जाते. विमा कंपनी मग म्हणते की पाणी पुराचे, पण किल्ली तुमची. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली नसेल तर असा दावा बहुतेक वेळा अडतो. गाडी ढकलून बाजूला घ्यावी, उचलून गॅरेजला न्यावी.

कागदपत्रांना गाडी उभी आहे की धावते याच्याशी काही देणेघेणे नाही. वर्षाला बहात्तर किलोमीटर चालणाऱ्या गाडीलाही पीयूसी लागते. नसेल तर कायद्याने दंड दहा हजारांपर्यंत. विमा संपून नव्वद दिवस उलटले की वर्षानुवर्षे साठलेला नो क्लेम बोनस, जो पन्नास टक्क्यांपर्यंत चढतो, शून्यावर येतो. भाच्याला हे ठाऊक नव्हते आणि मामांना तारीख. जाता जाता : हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना तो सोबत देऊन टाकू नये.

मग सरकारने एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या सुरक्षा नंबरप्लेटा सक्तीच्या केल्या. मार्च २०२५ ची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि मामांनी प्रत्येक वाढीचा पुरेपूर उपयोग केला. शेवटी अर्ज भरायला बसले तर ओटीपी भाच्याच्या जुन्या नंबरावर गेला. ते सिम सिएटलच्या कुठल्याशा खणात. पुण्यात दुपारचे दोन, तिथे मध्यरात्र उलटलेली. "मामा, ओटीपीसाठी उठवलंस?" असे झोपेतले वाक्य ऐकून मामांना चार वर्षांत पहिल्यांदा बरे वाटले.

गेल्या डिसेंबरात भाचा तीन आठवड्यांसाठी आला. गाडी धुऊन, हवा भरून, नवी बॅटरी घालून तयार ठेवली होती. तो मोठ्या प्रेमाने स्टिअरिंगवर बसला. कर्वे रस्त्याला वळताना त्याने सवयीने डावीकडची दांडी खाली केली आणि कोरड्या काचेवर वायपर सुरू झाले. अमेरिकेत सिग्नल डाव्या हाताला असतो, या गाडीत उजव्या. पुढच्या चौकात पुन्हा वायपर. नळस्टॉपला तिसऱ्यांदा. मागच्या रिक्षावाल्याने शेजारी येऊन आधी आभाळाकडे आणि मग भाच्याकडे पाहिले. घरी आल्यावर भाच्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि उरलेले दिवस मेट्रोने आणि रिक्षाने फिरला. विकायची का, या विषयावर तो जाताना म्हणाला, "राहू दे मामा, पुढच्या वेळी लागेल."

तेव्हा गाडी आहे. आज एकतीस तारीख. उद्या सकाळी ती हलवायची नाही, म्हणून आज रात्री जागून एवढे लिहून झाले.