साठ अंश आणि वरचे चाळीस

मे महिन्यात वऱ्हाडात पाणी तापवावं लागत नाही. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर ऊन खाते आणि संध्याकाळी नळ सोडला की हात आपोआप मागे येतो. अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळिशीला टेकल्याच्या बातम्या पेपरात येतात, त्या दिवसांत धामणगाव रेल्वेतली शहाणी माणसं दुपारी दारं लावून कूलरपुढे पडून असतात. आमच्या घरात मात्र नेमक्या त्याच दुपारी गॅसवर गंजभर पाणी खळखळत असतं आणि त्याच्यापुढे पदर खोचून आई उभी असते. नळालाच एवढं गरम पाणी येतंय, मग हे कशाला, असं विचारावं तर म्हणते, "त्याले गरम नाही म्हणत बाप्पा, कोमट म्हणतेत."

आईच्या लेखी पाणी दोनच प्रकारचं : उकळतं आणि बिनकामाचं. "थंड्या पाण्यानं भांडं साफ नाही होत, नुसतं ओलं होते," हे तिचं मूळ सूत्र. त्या सूत्राच्या तावडीतून घरातलं काहीच सुटलेलं नाही. ताटं-वाट्या, फडकी, पोतेरी, न्हाणीची फरशी, कूलरची जाळी, दाराच्या कड्या. टीव्हीचा रिमोट वाचला, तो केवळ मॅच चालू होती म्हणून.

याचं मूळ तिच्या माहेरात आहे. माहेर दर्यापूरकडचं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि साबण झिजून संपतो, पण फेस दाखवत नाही. साबणानं हात वर केले की माणूस विस्तवाकडे वळतो. विस्तवाला तोटा नव्हता. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उभ्याच असत. त्या उपटून आणायच्या, आंगणात रचायच्या आणि वर्षभर बंबाखाली सारायच्या. पांढरं सोनं जिनिंगमध्ये जाई, भाव व्यापारी ठरवत, आणि मागे उरलेल्या काड्यांवर बायका घर उकळून काढत. पाणी उकळलं की त्याचा थोडाफार जडपणा पांढरा थर होऊन तळाशी बसतो, मीठ मात्र जिथल्या तिथे राहतं. तो थर म्हणजे बहुतेक चुनाच. पण बंब ठोकून पापुद्रे निघाले की ते हातावर घेऊन आई आल्यागेल्याला दाखवायची, "हे पाय, नुसत्या पाण्यातून एवढी घाण निघाली!"

तिची खरी कीर्ती झाली ती ढेकणांच्या लढाईत. आमच्या लहानपणी घरोघरी बाजा होत्या आणि बाजेगणिक ढेकूण होते. उन्हाळ्यात बाजा आंगणात आडव्या पाडून सांध्यासांध्यांत किटलीनं कढत पाणी सोडायचा कार्यक्रम असे. आम्हा पोरांना तो सिनेमाहून प्रिय होता, शिवाय त्याला तिकीट नव्हतं. डीडीटीची फवारणीही तेव्हा व्हायची, पण ढेकूण ती पचवून पुन्हा कामाला लागत. त्यांना गावठी समजायचं कारण नाही : डीडीटीला न जुमानणारे ढेकूण जगात १९४० चं दशक संपण्याआधीच सापडले होते. उकळत्या पाण्याला सरावलेला ढेकूण मात्र अजून जन्माला यायचा आहे. पन्नास अंशांच्या पुढे त्याचं किंवा त्याच्या अंड्यांचं काही चालत नाही. या एका विजयाच्या भांडवलावर आईनं पुढची सगळी वर्षं राज्य केलं.

परंपराही तिच्याच बाजूची. आमच्याकडचे वरठी कपड्यांना सोडा लावून ते भट्टीवर वाफवत आणि ते धोतर इतकं पांढरं निघे की नेसणाऱ्यालाच संकोच वाटे. म्हणून मी एकदा थेट गाडगेबाबांना साक्षीला बोलावलं. म्हटलं, आई, बाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. १८७६ सालचा जन्म, तोही परिटाच्या घरात, म्हणजे भट्टीची माहिती त्यांना आपल्याहून जास्त. तरी त्यांनी गावंच्या गावं नुसत्या खराट्यानं झाडली, पाणी तापवत बसले नाहीत. आईनं बाबांच्या नावानं हात जोडले आणि म्हणाली, "ते गाव झाडत होते. कढई नव्हते घासत."

हे राज्य उलथवायचा खरा प्रयत्न माझ्या मुलीनं केला. ती अमरावतीला बी.एस्सी. करते आणि सुट्टीत घरी येताना एखादं तरी प्रमेय बरोबर आणते. तिनं आधी घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर गंजात बुडवला. तो बिचारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपुढे मोजत नाही, त्यानं पडद्यावर इंग्रजीत नुसतं ‘हाय’ लिहून दाखवलं.

"काय म्हणते?" आईनं विचारलं.

"हाय म्हणतो, आजी."

"चटका बसला असन त्याले."

मग मुलीनं प्रयोगशाळेत वापरतात तसला थर्मामीटर आणला आणि शिकवणी सुरू केली. खोबरेल पंचविशीत पातळ होतं, तूप पस्तिशीच्या आसपास. भांड्याचा ओशटपणा जायला साबण आणि साठ अंशांचं पाणी म्हणजे चैन झाली. दहा लिटर पाणी तीसवरून शंभरावर न्यायला साधारण शंभर ग्रॅम गॅस जातो. १४.२ किलोच्या सिलिंडरला असे किती गंज, ते तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागे मांडून दाखवलं. "म्हणून आजी, साठ पुरे."

"मंग उरलेले चाळीस काय सोसायटीत जमा करू?"

मुलगी हार मानणारी नव्हती. तिनं परदेशातलं संशोधन काढलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठानं २०१७ साली हात धुण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हातांना मुद्दाम जंतू लावून साबणानं धुवायला सांगितलं, कोणाला पंधरा अंशांच्या पाण्यात, कोणाला सव्वीस, कोणाला अडतीस. जंतू जायचे ते तिन्हींत सारखेच गेले. आईनं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्याइच्या हाताले तर्री लागली होती काय?"

त्या संशोधकांना ही शंका आली नसावी. न्यू जर्सीत तर्री खातात की नाही कोण जाणे, पण बोटांवरचा जंतू आणि फल्लीच्या तेलात लाल झालेली कढई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलीलाही कबूल करावं लागलं. शेवटचा डाव म्हणून ती म्हणाली, की गरम पाण्यानं काही घाण उलट घट्ट बसते. दुधातली प्रथिनं गोठतात, पिठातला स्टार्च पासष्टीच्या आसपास फुगून चिकट होतो. आईनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की इतकं शिकून पोरीला एवढंच कळलं! "कणकेच्या परातीले कढत पाणी लावशीन त खळच होईन ना. दुधाचं पातेलं पहिले थंड्या पाण्यानं इसळा लागते. हे शिकाले तुमी अमरावतीले जाता?"

म्हणजे आईच्या कायद्यात अपवादही लिहिलेले होते, फक्त आम्ही कोणी वाचले नव्हते. आम्ही तिला अडाणी हट्टी समजत होतो. ती हट्टी निघाली, अडाणी नाही.

मग आम्ही नव्या घरात राहायला आलो. त्या घराला मात्र हे कायदे माहीत नव्हते. महालक्ष्म्यांच्या पंगती उठल्या. सोळा भाज्या, कढी, पुरणाच्या पोळ्या आणि पोळ्यांवरून वाहणारं तूप, असा सगळा ऐवज भांड्यांना चिकटून सिंकमध्ये येऊन पडला. आईनं अख्खा गंज त्याच्यावर रिता केला. भांडी लखलखली. ओट्याखालचा पांढरा पीव्हीसी पाइप मात्र मऊ पडून खाली आला आणि महालक्ष्म्यांचा सगळा प्रसाद पहिल्यांदा जमिनीला मिळाला. प्लंबर आला, ओणवा होऊन पाहून म्हणाला, "काकू, हा पाइप साठ डिग्रीचा हाय."

"मी हेच सांगत होते!" मुलगी ओरडली.

"मंग शंभराचा लाव ना बापा," आई प्लंबरला म्हणाली, "हलकं सामान कायले लावता?"

शेवटी मी छतावर सोलर बसवला. ऊन इथे फुकट आहे, त्याचा कधीतरी सूड घ्यायलाच हवा होता. सोलरनं पाणी थेट साठावर आणून दिलं. मुलीनं थर्मामीटर लावून खात्री केली आणि आजीपुढे विजयी मुद्रेनं बादली ठेवली. आईनं बादलीत वाकून पाहिलं. ना वाफेचा लोट, ना खळखळ. घाण गेली की नाही हे आमच्या घरात जंतूंवरून ठरत नाही, आवाजावरून ठरतं. "बुडबुडे कुठं हायेत?" तिनं विचारलं, आणि ती बादली उचलून सरळ गॅसवरच्या गंजात ओतली.

आता मुलगी म्हणते, आपला गॅस निम्म्याच्या जवळ आला, म्हणजे आपणच जिंकलो. आई म्हणते, पाणी अजूनही उकळतंच आहे. मला विचाराल तर दोघींचं बरोबर आहे : साठापर्यंतची जबाबदारी सूर्यनारायणाची, वरचे चाळीस आईचे.