टँकरच्या पाण्यात होडी

हडपसरमध्ये पाणी रस्त्यावरून येतं. हॉर्न वाजवत, थोडं सांडत, गाडीतळाच्या गर्दीत आपल्यासारखंच अडकून. कालव्यातून जाणारं पाणी आहे, पण त्याला इंदापूरच्या उसाकडे जायची घाई. ते कुणाशी बोलत नाही. खरीखुरी नदी मुंढवा-मांजरीच्या अंगानं जाते, तीही जलपर्णीची शाल डोक्यापर्यंत ओढून. अशा गावच्या माणसानं त्रेपन्नाव्या वर्षी कयाक शिकायचं ठरवलं, तेव्हा बायकोनं ‘का’ असं विचारलंच नाही. ‘का’चं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तिनं विचारलं, “कुठे?”

उत्तर तिसऱ्या मजल्यावर राहत होतं. मगरपट्ट्यात संगणकावर काम करणारा एक मुलगा गाडीच्या टपावर नारिंगी होडी बांधून सोसायटीत शिरला, तेव्हा वॉचमननं तिची नोंद ‘फर्निचर’ अशी केली. “काका, आधी आपल्या स्विमिंग पूलमध्ये शिकू,” तो म्हणाला. “नदी नंतर.” अध्यक्षांनी नियमावली आणली. तीत कुत्री, काचेच्या बाटल्या आणि साबण यांना मनाई होती. होडी कुणाला सुचलीच नव्हती. रविवारी दुपारी एक तास मिळाला. पूल टँकरच्या पाण्यानं भरलेला. म्हणजे मी नौकानयन शिकलो ते प्रत्यक्षात टँकरच्या पाण्यात.

माझी पहिली समजूत अशी की कयाक आणि कनू ही एकाच होडीची माहेरची आणि सासरची नावं. तसं नाही. कनूत बहुधा गुडघे टेकून एकाच पात्याचं वल्हं मारतात. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट शिकारी हाडांच्या आणि वाहत आलेल्या लाकडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं शिवून कयाक बनवत, आणि तीही ज्याची त्याच्या मापाची. शिंप्याकडून शर्ट शिवून घ्यावा तशी होडी! माझ्या वाट्याला आली ती तयार कपड्यांच्या दुकानातली. कंबरेपर्यंत शिरलो, पण आता निघणार कसा, हा विचार तेव्हाच मनात येऊन गेला.

निवडीचं शास्त्र सोपं आहे, निवडणं तेवढं अवघड. लांब, अरुंद होडी सरळ आणि भरभर जाते, पण वळायला कुरकुरते. आखूड, दोन्ही टोकांनी उचललेली होडी पटकन वळते. नवख्याच्या हाती तर ती नुसती वळतच राहते. पहिल्या रविवारी मी पुढे असा गेलोच नाही, जागच्या जागी प्रदक्षिणा घातल्या. “हातानं नको काका, पोटातून फिरा,” असं तो सांगत होता. माझ्या पोटातून फिरण्यासारखं बरंच काही होतं, पण ते त्या दिशेनं फिरेना. लाइफ जॅकेटचं मात्र त्यानं ऐकून घेतलं नाही. पट्टे आवळले आणि खांद्याला धरून वर ओढून पाहिलं. जॅकेट कानापर्यंत चढलं तर ते ढिलं; पाण्यात ते तरंगेल आणि आपण त्यातून खाली निसटू.

मग आला स्कर्ट. होडीच्या तोंडावर घट्ट बसणारा, कंबरेला घालायचा पडदा, पाणी आत येऊ नये म्हणून. याचं नाव स्कर्टच आहे, हे सोसायटीतल्या कुणालाही पटवून देता आलं नाही. त्याच्या पुढच्या बाजूला एक कडी असते, आणि ती बाहेरच राहिली पाहिजे. होडी उलटली की तीच ओढायची.

होडी उलटणारच, हे गृहीत धरून पहिला धडा उलटण्याचाच असतो. माझं सगळं शिक्षण न पडण्याचं झालंय: सायकलवरून, परीक्षेत, लोकांच्या नजरेतून. इथे मास्तर म्हणतो, पडा. पडल्यावर डोकं गुडघ्यांकडे वाकवा, होडीच्या बुडावर तीनदा थापा मारा, कडी ओढा आणि पँट काढतात तसं बाहेर या. थापा कशाला? “घाई होऊ नये म्हणून.” मी उलटलो. नाकात क्लोरीन गेलं, वर-खाली सगळं एक झालं. थापा मारल्या की नाही ते आठवत नाही. पँट मात्र खरंच निघाली. चार फूट पाण्यातला हा पराक्रम गॅलरीतून बऱ्याच जणांनी पाहिला.

पुण्याला हे नवं नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासूनचा आहे. आणि धीर हवा असेल तर दत्तू भोकनळ आठवावा. चांदवडच्या दुष्काळी तालुक्यातला, विहिरी खणणाऱ्या घरातला मुलगा. सैन्यात गेल्यावर वल्हं हाती धरलं आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्यानं नाव हाकून तेरावा आला. अर्थात ते रोइंग. त्यात पुढे पाठ करून बसतात. मला येणारं संकट समोरून दिसत होतं, एवढाच फरक.

नदी म्हणजे कोलाडची कुंडलिका. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटलं की तिला वेग येतो. नदीचे नियम घाटातल्यासारखेच, पण उलटे. खडकावर आपटणार असं दिसलं की माणूस मागे रेलतो. इथे खडकाकडे झुकायचं, त्याला मिठी मारायची. मागे रेललात तर प्रवाह होडी पालथी करतो. पाण्यात पडलात तर कंबरभर पाण्यातही उभं राहायचं नाही; पाय दगडांत अडकला की वरून येणारं पाणी माणसाला आडवं करून दाबून ठेवतं. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, बोटं वर. आणि ज्या दगडाकडे बघाल तिथेच जाल. हे शेवटचं मला पटकन कळलं, कारण सोलापूर रोडवरच्या खड्ड्यांचा अनुभव.

तिसऱ्या वळणावर मी दगडाकडे बघितलं.

या वेळी थापा मारल्या. तीनही. कडी ओढली, बाहेर आलो, पाय वर करून तरंगत काठाला लागलो. पोटात साधारण अर्धा लिटर कुंडलिका होती.

बायको झाडाखाली डबा उघडून बसली होती. “पाणी कसं होतं?” तिनं विचारलं.

“आपलंच होतं,” मी म्हणालो. खरंच तसं आहे. मुळशीचं धरण मुळेवर. ज्याच्या विरोधात १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेच. तिथलं पाणी पुण्याकडे यायचं सोडून सह्याद्रीवरून भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि कुंडलिकेत जातं. नाहीतर तेच पाणी संगमावरून, मुंढव्यावरून आपल्या दाराशी आलं असतं. एरवी घोट न मिळणारं आपलं पाणी प्यायला मी ताम्हिणी घाट उतरून आलो होतो.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मला टॉवेल दिला आणि फोन काढला.

“मग टँकरवाल्याला उद्या नको म्हणून कळवू?”