अडीचकाका

काकांच्या खिशात कागदी रुमालांची चळत असते. नाक पुसायला नव्हे, व्युत्पत्ती लिहायला. श्टुटगार्टात इंजिनिअर म्हणून आले, निवृत्त झाले, आणि शब्दांच्या मागे लागले. तेही सगळ्या शब्दांच्या नाही. पाव, अर्धा, पहिला, दुसरा, एवढ्यांच्याच. मंडळात आम्ही त्यांना अडीचकाका म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

नाव पडलं गणपतीच्या जेवणाला. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलाला काकांनी फोनवर सांगितलं, ‘‘हाल्ब द्रायला ये.’’ हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. पोरानं हिशेब केला, साडेतीन. तो पोचला तेव्हा आरती, पानं, वामकुक्षी सगळं उरकलं होतं आणि मोदकपात्र सिंकमध्ये भिजत पडलं होतं. आता काका रागावणार, असं आम्हाला वाटलं. त्यांचा चेहरा तर नवस फळल्यासारखा उजळला. रुमाल निघाला.

‘‘अरे, तू अडीच म्हणतोस ना? मूळ बघ, मूळ! संस्कृतात अर्धतृतीय. दोन पुरे, तिसरा अर्धा. ते झिजून झिजून झालं अडीच. जर्मन माणूस तरी वेगळं काय म्हणतो? तिसरा तास अर्धा झाला, हाल्ब द्राय! रोमन लोकांचं सेस्टर्शिअस नाणं अडीच आसचं, त्याचंही नाव अर्ध-तिसरंच. तुझं जर्मन कच्चं नाही रे, मराठी कच्चं आहे.’’

पोरगा म्हणाला, ‘‘काका, वरणभात उरलाय का?’’

तुर्की भाजीवाल्याकडे काका भेंडी मागतात ती आंडर्टहाल्ब किलो, म्हणजे दीड किलो. हल्लीची मुलं सरळ ‘आइनआइनहाल्ब’, एक-एक-अर्धा म्हणतात. काकांना ते चालत नाही. आंडर्टहाल्बमधला ‘आंडर’ हा जर्मनमधला जुना ‘दुसरा’. दुसरा अर्धा तो दीड. आपल्या दीडच्या पोटातही द्वि आणि अर्धच आहेत. एवढा ऐवज सोडून द्यायचा कसा? घरात माणसं दोन, भेंडी लागते पाव किलो. पण पावात ती मजा नाही, म्हणून दीड किलो येते आणि काकू आठवडाभर भेंडीच करतात.

नातवानं एकदा गृहपाठ करताना विचारलं, की इंग्लिशमध्ये फोरचं फोर्थ होतं, सिक्सचं सिक्स्थ होतं, मग टूचं सेकंड कसं? बिचाऱ्याला एका ओळीचं उत्तर हवं होतं. काकांनी खुर्ची ओढली. पूर्वी इंग्रज दुसऱ्याला ‘अदर’ म्हणायचे. पण अदर म्हणजे क्रमानं दुसरा आणि अदर म्हणजे निराळाही. घोटाळा व्हायला लागला, तेव्हा फ्रेंचांकडून सेकंड उचलला. मूळ लॅटिन, ‘मागोमाग येणारा’. जर्मनांनीही आंडर बाजूला सारून त्स्वायटे घडवला. मराठीत मात्र ‘दुसरा डबा’ म्हटलं तर दोन नंबरचा की वेगळा, हे आपण अजून संदर्भावर सोडून देतो. (हे मला पटलं. आमच्या घरात यावरून भांडणं झालेली आहेत.) घड्याळातला सेकंदही तोच. तासाचे 60 भाग ही पहिली बारीक फोड, तिचं मिनिट. मिनिटाचे पुन्हा 60, ही दुसरी फोड, म्हणून सेकंद. नातू तोवर घड्याळाकडेच बघत होता, पण वेगळ्या कारणानं.

मंडळाच्या सहलीतही सुटका नाही. जुन्या खेड्यात त्सेन्टशॉयर दिसलं, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा साठवायचं कोठार, की काका ‘‘सरदेशमुखी!’’ म्हणून ओरडतात. सरदेशमुखी दहावा हिस्सा, चौथ चौथा. इंग्रजांच्या चर्चचा कर टाइद, त्याचाही मूळ अर्थ दहावाच. इडल्यांचे डबे मांडीवर घेऊन अख्खी बस थांबलेली असते.

एकाच शब्दाशी काकांचा आवाज उतरतो. औट. लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घडाघडा म्हणणारे काका औटकीला अडखळत आणि वडिलांच्या छड्या खात. औट म्हणजे साडेतीन. अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. ‘‘यांचं हाल्ब फिअर आहे बघ तेच. बेकरीतली पोरगीसुद्धा रोज म्हणते. आणि आपल्याकडे औट म्हटलं तर क्रिकेट आठवतं.’’ मग रुमालाची घडी करून खिशात ठेवतात. त्यावर काही लिहिलेलं नसतं.

गेल्या रविवारी मला जेवायला बोलावलं होतं, हाल्ब त्स्वायला. म्हणजे दीड, एवढं आता मलाही कळतं. निघायलाच उशीर झाला. बोलणी चुकवावीत म्हणून दारातच म्हटलं, ‘‘काका, द्रायफिअर्टेल त्स्वाय वाजले, नाही का?’’ श्टुटगार्टकडे पावणेदोनला असंच म्हणतात, दुसऱ्या तासाचे तीन पाव. काकांचा हात खिशात गेला.

‘‘शाब्बास! पण आपण इथं उलटीकडून मोजतो हं. पावणे म्हणजे पादोन, पाव उणे. ये, बस. मूळ बघ...’’

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, ‘‘झालं! आता पानं औटला.’’