डॉक्टरांची गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात हिंडताना माझा असा समज झाला होता की, महाराष्ट्रातले समस्त डॉक्टर सध्या आपापल्या गाड्या विकायला निघाले आहेत. सहा ठिकाणी गेलो. सहाही ठिकाणी एजंटाने बॉनेटवर प्रेमाने हात ठेवला आणि सांगितलं, "डॉक्टरांची गाडी आहे साहेब. सिंगल हँड. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. दुसरा रस्ता माहीत नाही तिला." वकील, प्राध्यापक, द्राक्षबागायतदार ही मंडळी बहुधा गाड्या विकतच नसावीत; शेवटपर्यंत त्याच वापरून त्यांच्यासकट वर जात असावीत.

सातव्यानेही तेच सुरू केलं तेव्हा मी नुसता हसलो. तो दुखावला. त्याने सर्व्हिस बुक उघडून दाखवलं. मालकाच्या नावामागे खरोखरच 'डॉ.' होतं. पुढच्या काचेवर लाल फुलीचं स्टिकर खरवडल्याची खूणही होती. या धंद्यातलं सगळ्यात जुनं खोटं माझ्या बाबतीत खरं निघालं होतं. ती धोक्याची घंटा आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

गाडी छोटी, पांढरी, २०१३ची. पासिंग एमएच-१०, म्हणजे सांगलीचं. नऊ वर्षांत ३१ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, उपचारांचा होता. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर डॉक्टरांच्या सह्या होत्या. प्रत्येक सही वेगळी, आणि एकही वाचता न येणारी. त्यानेही माझा विश्वास वाढलाच.

एजंटाचा पोरगा जानेवारीतल्या एका पहाटे सांगलीहून गाडी घेऊन पुण्याला माझ्याकडे निघाला. सांगली ते पुणे साधारण सव्वादोनशे किलोमीटर. नऊ तासांनी पोचला. "वाटेत पाच वेळा चहा घेतला," म्हणाला. मला त्या पोराचं कौतुक वाटलं. जबाबदार आहे, झोप येऊ नये म्हणून थांबत आला. पुढे कळलं की चहा त्याला नको होता, गाडीला हवा होता.

नारळ फुटला, पेढे वाटले आणि तिसऱ्या दिवसापासून आवाज सुरू झाले.

नव्या गाडीचा आवाज ही गाडीची बाब असते. जुन्या गाडीचा आवाज ही अख्ख्या सोसायटीची बाब असते. खालच्या मजल्यावरचे काका बाल्कनीतूनच "बेअरिंग!" म्हणून ओरडायचे, डी विंगमधले निवृत्त साहेब "सस्पेन्शन" म्हणायचे, आणि वॉचमन काहीच न बोलता गेट नेहमीपेक्षा रुंद उघडायचा.

मी मेस्त्रींकडे गेलो. आता, गाडीचा आवाज मेस्त्रीला ऐकवणं आणि दातांच्या डॉक्टरसमोर दात दुखवून दाखवणं यांत काही फरक नाही. गॅरेजच्या चढापर्यंत जी गाडी रडत, कण्हत येते ती आत शिरली की शहाण्या मुलीसारखी गप्प बसते. मग आवाज आपल्यालाच काढून दाखवावा लागतो. मी आधी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हटलं, "असं बघा, खर्रर्र… टक्… खर्रर्र."

मेस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "खर्रर्र की घर्रर्र?"

"म्हणजे… दोन्हीच्या मधलं."

"मधलं काही नसतं साहेब. नीट आठवा."

त्या दिवशी मला समजलं की, मराठीत ध्वनिवाचक शब्द एवढे का आहेत. कवींची ती चैन असेल, पण गॅरेजात प्रत्येक शब्दाला पार्ट नंबर आहे. खड्ड्यात गेल्यावर खडखड, तर लिंक रॉड किंवा बुश. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कटकट, तर एक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर चढत जाणारी घूं घूं, तर चाकाचं बेअरिंग. ब्रेक दाबला की किरकिर, तर ब्रेक पॅड संपले. ते संपत आले की किरकिरावेत म्हणून त्यांना मुद्दाम एक पत्रा लावलेला असतो. सकाळी पहिल्या स्टार्टला चुंईऽऽ, तर पट्टा ढिला. मी मातृभाषेत गुण मिळवलेला माणूस, पण खडखड आणि खटखट यांतला फरक आठ हजार रुपयांचा असतो हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्या गाडीला यांपैकी चार होते. पाचवा दोष बिनआवाजाचा, तो मेस्त्रींनी शोधला. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता डॅशबोर्डकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एक दिवा कमी आहे."

किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे सगळे दिवे लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. इंजिनाचा पिवळा दिवा आमच्याकडे कधी लागलाच नव्हता. मी तर तो लागत नाही म्हणून निर्धास्त होतो! मेस्त्रींनी मीटर उघडला. त्या दिव्यावर चिकटपट्टी होती. साधी नव्हे, सलाइनची सुई हातावर धरून ठेवतात ती. तीन थर, कडा अगदी सफाईने कापलेल्या.

"ताप आला म्हणून थर्मामीटरच झाकला," मेस्त्री म्हणाले.

इथून पुढे मला डॉक्टर भेटत गेले. काचेवर पाणी उडवणारी नळी तुटली होती, तिच्या जागी सलाइनची नळी बसवली होती. थेंबांचा वेग ठरवणारं तिचं चाकसुद्धा तसंच ठेवलं होतं, त्यामुळे आमच्या काचेवर पाणी थेंब थेंब पडायचं. ड्रायव्हरच्या बाजूची काच खडखडू नये म्हणून रबराच्या फटीत जीभ दाबून घसा बघायची लाकडी पट्टी खोचलेली होती. ती काढली तेव्हा काचेने खरोखरच "आऽऽ" केलं.

टायरांचं वेगळंच. "टायर नवेच आहेत," असं एजंट म्हणाला होता, आणि नक्षी खरंच खोल होती. मेस्त्रींनी टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचायला लावले. ०९१३. म्हणजे २०१३च्या नवव्या आठवड्यात जन्मलेलं रबर. न झिजता म्हातारं झालं होतं, कडेला बारीक भेगा पडल्या होत्या.

"पण गाडी वापरलीच नाही हो फारशी," मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "दवाखाना ते घर. दोन किलोमीटर."

"तीच तर बोंब आहे," मेस्त्री म्हणाले, आणि त्यांनी जो पाठ दिला तो जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा होता. दोन किलोमीटरांत इंजिन धड तापत नाही. तापलं नाही की आत धरलेल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडत नाही. ते पाणी ऑइलमध्ये मिसळत राहतं. सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून कुजतो. एका सेल्फला बॅटरीतून जे जातं ते भरून निघायच्या आत दवाखाना येतो. पुणे-कोल्हापूर हायवेवर लाखभर किलोमीटर पळालेली गाडी एक वेळ ठणठणीत असते. दिवसातून चार वेळा दोन-दोन किलोमीटर केलेली गाडी म्हणजे आयुष्यभर अर्धपोटी उठवलेला माणूस. त्यांनी ऑइलचं झाकण उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला घट्ट, पिवळट मलई होती. आमच्या घरी दुधावर इतकी कधी धरली नाही.

मग त्यांनी रेडिएटर पाहायला घेतला. इंजिन निवलं आहे असं दोघांनाही वाटत होतं. फडकं धरून झाकण अर्धं फिरवलं तर आतला दाब फुस्सकन बाहेर आला आणि मागे उभ्या असलेल्या माझ्या पांढऱ्या शर्टावर पिवळं पाणी उडालं. कोमट होतं म्हणून वाचलो. (त्या झाकणाला स्प्रिंग असते ती आत दाब धरून ठेवण्यासाठी. दाबाखाली पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही, पण झाकण उघडलं की त्याला ते एकदम आठवतं.)

"गंज आहे," मेस्त्री म्हणाले. मीही घरी तेच सांगितलं.

हिने शर्ट हातात घेतला, डागावर साबण चोळला आणि मला मोरीशी हाक मारली. डाग लालभडक झाला होता.

"अहो, गंज साबणाने लाल होतो का कधी? ही हळद आहे."

चाळीस वर्षं वरणभात सांडलेल्या कपड्यांचा अनुभव होता तो, त्यापुढे मेस्त्रींचं काय चालणार! हळदीला खार लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वी असंच करायचे. म्हणजे माझ्या शर्टावर एका दुपारीत हळद आणि कुंकू दोन्ही झालं होतं.

मेस्त्रींना सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून हसले. ही जुनी ट्रकवाल्यांची युक्ती. डिझेलची टाकी गळायला लागली तर कपडे धुवायचा साबण घासून बुजवायची, रेडिएटर गळायला लागला तर हळद टाकायची. हळद पाण्यात विरघळत नाही, फुगते. पाणी जिथून बाहेर जायला बघतं तिथे तीही जाते आणि फटीत अडकून बसते. गळती थांबते. फक्त तिला फट आणि नळी यांतला फरक कळत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही ती त्याच निष्ठेने बसते. मग पाणी फिरत नाही आणि गाडी तापते. दोन किलोमीटरांत ते कळत नाही. सव्वादोनशे किलोमीटरांत पाच चहा लागतात.

आणि हळद कुठली, तर सांगलीची. जिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीच. पुण्याच्या बाजारात लोक जी खात्री करून, वास घेऊन विकत घेतात, ती आम्हाला गाडीबरोबर फुकट आली होती. सासूबाईंनी तर विचारलं, "किती निघेल?"

मेस्त्रींनी रेडिएटर उतरवला, गरम पाणी सोडून दोन दिवस धुतला. त्या दोन दिवसांत गॅरेजातून पिठल्याचा वास येत होता म्हणतात. "नवीनच टाका," असं त्यांनी बजावलं होतं. पण तोवर बेअरिंग, बुश, बॅटरी, ब्रेक पॅड, सायलेन्सर आणि चार टायर मिळून गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा मी पुन्हा ओतला होता. आता मला काटकसर सुचली. "धुतलाय तेवढा पुरे," मी म्हटलं. मेस्त्री काही बोलले नाहीत. फक्त पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या त्यांनी न विचारता डिकीत ठेवल्या.

मे महिन्यात कराडला लग्न होतं. खंबाटकीत तेव्हा पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा होता, साताऱ्याकडे जाणाऱ्यांना मात्र अख्खा घाट चढावा लागायचा. निम्म्या चढावर तापमानाचा काटा सरळ वर गेला. दिव्यावरची चिकटपट्टी आता काढलेली होती, त्यामुळे तोही लागला. वळणावर गाडी बाजूला घेतली. खाली बघतो तर रेडिएटरमधून टप, टप, टप. काचेवरच्या आमच्या सलाइनलाही न जमणारा वेग.

मेस्त्रींचा फोन लागेना. सर्व्हिस बुकात डॉक्टरांचा नंबर होता. ज्या माणसाने माझ्या आयुष्यात एवढी हळद कालवली त्याला एकदा ऐकवायचंच, म्हणून तिरीमिरीत लावला.

"कधीपासून आहे?" पलीकडून शांत आवाज आला.

"काय कधीपासून?"

"गळती."

"आत्ता, घाटात. डॉक्टर, तुम्ही रेडिएटरमध्ये हळद…"

"हो, दर दोन महिन्यांनी एक चमचा. चालू आहे ना?"

"चालू कसली! सगळी धुऊन काढली मेस्त्रींनी."

पलीकडे क्षणभर शांतता. मग एक दीर्घ सुस्कारा. तीस वर्षं पेशंट पाहिलेल्या माणसाचा.

"मला न विचारता औषध बंद केलंत," डॉक्टर म्हणाले. "मग असंच होणार."

काय बोलावं ते मला सुचेना. मी भांडायला फोन केला होता आणि आता चक्क खालमानेने उभा होतो. त्यांनी इंजिन अर्धा तास निवू द्यायला सांगितलं, झाकणाला तोवर हात लावू नका म्हणाले, पाणी हळूहळू घाला म्हणाले, आणि "पुण्याला गेल्यावर रेडिएटर बदलून घ्या, मीही बदलणारच होतो," असंही म्हणाले. फोन ठेवताना "बरं वाटलं की कळवा," हे सवयीने.

ही एव्हाना गाडीतून उतरून घाटातल्या खामजाईच्या देवळाकडे निघाली होती. मीही मागोमाग गेलो. बाहेर एक म्हातारी ओटीचं सामान मांडून बसली होती. नारळ, खण, बांगड्या, हळदीकुंकवाच्या पुड्या.

"हळद द्या," मी म्हटलं.

म्हातारीने आधी माझ्या काळ्या हातांकडे बघितलं, मग रस्त्याकडेला बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाडीकडे.

"ओटीला का इंजनाला?"

"इंजिनाला," मी पुटपुटलो.

तिने पुढ्यातली छोटी पुडी परत ठेवली आणि पोत्याखालून मोठी काढली.