काल इथंच होता!

चंद्रपुरात ज्याच्याकडे चारचाकी आहे आणि ज्याच्या घरी पुण्याचा पाहुणा उतरलाय, तो गृहस्थ संध्याकाळी पाचच्या सुमाराला वाघाचा मालक होतो. चहाचा कप खाली ठेवायच्या आत किल्ली हातात. ‘‘चला, मोहर्ली रोडनं एक राउंड मारून येऊ.’’ असे भाऊजी प्रत्येक आळीत एक तरी असतात.

परमिट, जिप्सी, ऑनलाइन बुकिंग हे सगळं परक्यांसाठी. ‘‘मंगळवारी ताडोबाचं गेट बंद राहते. वाघ थोडीच सुट्टीवर जाते?’’

दुर्गापूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, पद्मापूरचा नाका गेला, की गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि भाऊजींचा आवाज कुजबुजीवर. एसी बंद, गाणी बंद, काचा खाली. बाहेर मे महिना असला तरी.

प्रत्येक वळणावर त्यांची एक गोष्ट ठरलेली. या मोहाखाली वाघीण बसली होती, पिल्लं घेऊन. त्या मोरीवर एका मास्तरची दुचाकी अर्धा तास अडवून धरली होती. कधी? काल. परवाचा वाघ भाऊजी सांगत नाहीत आणि आजचा त्यांनी कुणाला दाखवलेला नाही.

वानर खाकरलं. ‘‘कॉल!’’ म्हणजे वाघ आल्याची वर्दी. इंजिन बंद. पाहुण्याच्या मुलाला शू लागलेली, पण उतरायची सोय नाही. बांबूत खसखस होते, फांदी हलते आणि एक म्हैस रस्त्यावर येते. भाऊजी तिच्याकडे रोखून बघतात. ‘‘घाबरलेली दिसते. मागंच असंल.’’

आगरझरीच्या अलीकडे सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या चार बाया मोठमोठ्यानं बोलत येत होत्या. ‘‘काकू, वाघ दिसला काय?’’

‘‘दिसू नाही म्हून तं बोंबलत चाललो ना जी!’’

मोह-तेंदूच्या हंगामात जंगलात गेलेली माणसं या जिल्ह्यात वाघाच्या तावडीत सापडतात, हे भाऊजींना पेपरात रोज दिसतं. ते गप्प झाले आणि त्यांनी आपल्या बाजूची काच वर घेतली. पुढच्या वळणापर्यंत.

गडचिरोलीचे त्यांचे साडू त्याच जातीचे. 2021 साली छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात उतरला, तेव्हापासून त्यांनी वाघ सोडून दिला. एवढं मोठं जनावर झुडपामागं लपायचं नाही, असा त्यांचा हिशेब. पण पाहुण्यांना घेऊन कुरखेडा-कोरची रस्त्याला लागावं, तर अख्खा कळपच काल पुढं गेलेला असतो.

पाहुणा, म्हणजे भाऊजींचा साळा, पुण्याला पोचतो. एवढी रजा टाकून काहीच दिसलं नाही, हे सोसायटीत सांगणार कसं? ‘शेपटी दिसली’ म्हणतो. ते भाऊजींच्या कानावर येतं. पुढच्या पाहुण्याला मोरीजवळ थांबवून ते सांगतात, ‘‘आमच्या साळ्यानं सोताच्या डोयानं पाह्यला. विचारा त्याले.’’ आणि तिथूनच फोन लावतात.

साळा इमानी निघाला. तो आता वाघाची लांबीही सांगतो.