ओट्यावर रात्रभर? सोलापुरात नाही!

रात्रभर ओट्यावर ठेवा, सकाळी गाळा, प्या. कोल्ड ब्रू कॉफीची ही कृती ज्यानं कुणी लिहिली, त्यानं सोलापूरचा मे महिना काढलेला नाही. त्याच्या कृतीतली खोली २०-२२ अंशांची असते. आपल्याकडे दुपारी पारा ४२-४३ ला टेकतो आणि वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. अशा ओट्यावर सोळा तास भिजलेली कॉफी मी पिणार नाही. तुम्हीही पिऊ नका.

उन्हाळ्यात नवी पेठेची खरी खरेदी ऊन उतरल्यावर सुरू होते. तोवर दुकानातला माणूस पंख्याखालून हलत नाही आणि आलेल्या गिऱ्हाइकाला चहाऐवजी काहीतरी गार विचारतो. या हवेला थंड कॉफी शोभते. त्यातही कोल्ड ब्रू, कारण तिला दूध, आइस्क्रीम, साखरेचा डोंगर काही लागत नाही. म्हणूनच ती नीट समजून घेऊन घरी करावी असं मला मनापासून वाटतं. तिच्या नावावर जे खपवलं जातं, त्याचा मला तेवढाच राग आहे.

पहिला राग इन्स्टंटवर. इन्स्टंट कॉफी कारखान्यातच एकदा गरम पाण्यात उतरवून, गाळून, वाळवून आलेली असते. ती नुसती विरघळते. दोन मिनिटं ठेवा नाहीतर वीस तास, चव तीच. तिचं पाणी बर्फावर ओतून कोल्ड ब्रूचे दोनशे रुपये घेणं ही उघड फसवणूक आहे. मिक्सरमध्ये दूध-साखर-बर्फ घुसळून केलेली कोल्ड कॉफी वेगळी. ती खुशाल प्या, छान लागते. पण तिला तिच्याच नावानं विका.

कोल्ड ब्रूमध्ये उष्णतेचं काम वेळ करतो. ९०-९५ अंशांचं पाणी भाजलेल्या कॉफीतून चार मिनिटांत सगळं ओढून काढतं: सुगंध, आंबटपणा, कडवटपणा, सगळंच. गार पाणी सावकाश चालतं आणि सगळं घेत नाही. कडू आणि आंबट कमी उतरतं, म्हणून बिनसाखरेची कॉफीही गोडसर भासते. सुगंधही कमी उतरतो, हेही खरं. गरम फिल्टर कॉफीच्या वाफेत जो दरवळ असतो तो इथे मिळणार नाही आणि तो मिळेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

विश्वास ठेवू नये अशी आणखी एक गोष्ट म्हणजे 'हिच्यानं पित्त होत नाही' हा दावा. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या नायनी राव आणि मेगन फुलर यांनी २०१८ मध्ये गरम आणि थंड दोन्ही कॉफ्यांचा सामू मोजला. तो जवळपास सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान. गरम कॉफीत एकूण आम्लं जास्त होती, तेवढा फरक आहे. जिभेला कोल्ड ब्रू सौम्य लागते, पण पोटाचा त्रास असणाऱ्यानं तिला औषध समजू नये.

हाच सामू आपल्याला ओट्यापासून दूर ठेवतो. अन्न टिकवण्याच्या शास्त्रात ४.६ ही रेषा मानतात. लोणच्यासारखे पदार्थ तिच्या खाली, म्हणून टिकतात. कॉफी तिच्या वर आहे. त्यात ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा, आणि सोलापूरचा ओटा त्याच्या ऐन मध्यावर. हवाबंद बाटलीत तर बोट्युलिनम या विषारी जंतूचा धोका वेगळाच. अमेरिकेतल्या डेथ विश कॉफी कंपनीनं सप्टेंबर २०१७ मध्ये आपल्या नायट्रो कोल्ड ब्रूचे डबे याच भीतीनं बाजारातून परत मागवले. कुणी आजारी पडलं नव्हतं, तरी मागवले. कारखाना एवढी काळजी घेतो, तर घरी निदान बरणी फ्रिजमध्ये ठेवायला काय हरकत आहे? वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली आणि बरणी कोमट लागली, तर कॉफी ओतून द्या.

आता पाणी. याबद्दल कुठल्याच कृतीत धड लिहिलेलं नसतं, आणि आपल्या शहरात तर हाच पहिला प्रश्न आहे. नळाला रोज पाणी येत नाही, आलं की पिंप-टाक्या भरायच्या आणि पुढचे दिवस त्यावर काढायचे. उजनीपासून शंभराहून अधिक किलोमीटर आलेलं पाणी घरात आणखी काही दिवस साठून राहतं. चहाला ते चालतं, कारण चहाला आपण ते खळखळून उकळतो. कोल्ड ब्रूमध्ये पाण्याला कुठेच आच लागत नाही. पाण्यात जे असेल ते थेट पेल्यात येतं. तेव्हा पाणी आधी उकळा, झाकून गार करा, निवळू द्या आणि वरचंवर ओतून घ्या. याचा दुसरा फायदा चवीला होतो. उकळल्यावर पाण्यातला बराच चुना भांड्याच्या तळाला आणि कडेला बसतो. जड पाण्यातला क्षार कॉफीतला उरलासुरला आंबटपणा मारून टाकतो, मग कॉफी पिठूळ, सपाट लागते. म्हणून बोअरचं पाणी नकोच. घरी आरओ असेल तर ते वापरा.

कॉफी कुठली? इथे पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायची. आपल्याकडे फिल्टर कॉफी म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा चिकोरी असते. कायद्यानं अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावीच लागते आणि दोन्हीचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी बिनबोभाट चालते. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे, त्यात कॅफीन नाही. दुधाच्या गरम कॉफीला ती दाटपणा आणि रंग देते, आणि पिढ्यान् पिढ्या लोक ती आवडीनं पितात. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. कोल्ड ब्रूमध्ये मात्र ती सत्यानाश करते. गार पाण्यातही लगेच विरघळते, तासाभरात पाणी काळंभोर होतं, आपल्याला वाटतं कॉफी उतरली. उतरलेली असते चिकोरी. वर तिचा चिकट गाळ कापडाची भोकं बुजवून टाकतो.

तेव्हा शंभर टक्के कॉफी हवी. अरेबिका, मध्यम भाजलेली, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेली. ती मिळवणं सोलापूरकराला अवघड नसावं. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी शेजारच्या कर्नाटकात पिकते. आपल्याच स्टेशनातून हासनला एक्स्प्रेस सुटते आणि हासन जिल्ह्यातलं सकलेशपूर म्हणजे कॉफीचे मळे. चिकमगळूर त्याला लागून, कोडगू थोडं खाली. आपल्या राज्यातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी होते. मराठी-कन्नड-तेलुगू एका गल्लीत बोलणाऱ्या या शहरात कुणाचा ना कुणाचा पाहुणा तिकडून येतच असतो. त्याला पेढे-चिवडा आणू नको, अर्धा किलो बिया आण म्हणून सांगा.

बिया घरीच भरडा. ज्वारीच्या कण्यांएवढी भरड हवी, पीठ नको. मिक्सर एकसारखा फिरवला की पात्याजवळचं पीठ होतं आणि वरच्या बिया अख्ख्या राहतात. म्हणून दोन-दोन सेकंदांचे झटके द्यायचे, मधे भांडं हलवायचं. झाल्यावर पिठाच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडलेली भुकटी सकाळच्या गरम कॉफीला ठेवा. ही भुकटी बरणीत गेली तर ती भराभर उतरते, कडवटपणा आणते आणि शेवटी पेल्याच्या तळाशी चिखल होऊन बसते.

८० ग्रॅम भरड, ६४० मिलिलिटर पाणी. आठपट, एवढं लक्षात ठेवा. काचेच्या बरणीत आधी कॉफी, मग पाणी, लाकडी चमच्यानं एकदा हलवायचं, कारण कोरडी भरड वर तरंगते आणि आतून कोरडीच राहते. झाकण लावून फ्रिजमध्ये. गारव्यात कॉफी सावकाश उतरते, म्हणून १८ तास द्या. रात्री नऊला ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तयार. चोवीस तासांच्या पुढे नेऊ नका, लाकूड भिजवल्यासारखी चव यायला लागते.

गाळणं हा या सगळ्यातला माझा आवडता भाग, आणि इथे सोलापूरला कुणी काही शिकवायला नको. अमेरिकेत टॉड सिम्पसन नावाच्या केमिकल इंजिनिअरनं १९६४ मध्ये घरच्या कोल्ड ब्रूचं 'टॉडी' हे भांडं काढलं. त्यातली गाळणी म्हणजे फेल्टची जाड चकती, म्हणजे कापडच. आज असल्या भांड्यांना हजारो रुपये मोजणारे लोक आहेत. गिरण्या आणि मागांच्या या गावात तो खर्च कशासाठी? नवी पेठेत कुठल्याही कापडाच्या दुकानात मीटरभर सुती मलमल मागा. रंगीत नको, पांढरी. आणि घेताना चिमटीत धरून चोळून पाहा. बोटांना पांढरी पूड लागली तर ती खळ. मागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ देतात, हे इथल्या निम्म्या घरांना माहीत आहे. दुकानदाराला कॉफी गाळायला हवंय म्हणून सांगितलंत तर तोच म्हणेल, "उकळून घ्या की ओ एकदा, खळ जाऊ द्या." ऐका त्याचं. दहा मिनिटं उकळा, पाणी गढूळ झालं तर बदलून पुन्हा उकळा. साबण बिलकुल लावू नका. साबणाचा वास धाग्यात राहतो आणि थेट कॉफीत उतरतो.

आधी चहाच्या गाळणीतून मोठा चोथा काढा. मग पातेल्यावर मलमल चार पदरी अंथरा, कडा चिमट्यानं अडकवा, मधे थोडा झोळ राहू द्या. कॉफी थोडी थोडी ओता. सुरुवातीला धार लागते, मग धारेचे थेंब होतात, मग थेंबही रेंगाळतात. इथे हात शिवशिवतात आणि माणूस कापड पिळतो. पिळू नका! पिळलं की अडकलेला सगळा बारीक गाळ खाली येतो. पदराचं एक टोक उचलून कॉफी कापडाच्या कोऱ्या भागावर सरकवा, पुन्हा थेंब चालू होतात. उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत भरा, तासभर फ्रिजमध्ये ठेवा, तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ बसेल. तो सोडून वरची कॉफी दुसऱ्या बाटलीत घ्या. उजेडात धरली तर मधासारखी तांबूस, आरपार दिसायला हवी.

भरड आपल्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी पिऊन बसते, म्हणून ६४० मधलं साधारण ४८० मिलिलिटरच हाती येतं. कमी आलं म्हणून घाबरू नका. ते दाट आहे, पिताना तेवढंच गार पाणी किंवा बर्फ घालायचं. पाच ग्लास होतात. अडीचशे ग्रॅमचं चांगलं पाकीट पाचशे रुपयांना धरलं, तर ८० ग्रॅमचे १६० रुपये, म्हणजे ग्लासाला ३२. कॅफेतल्या दोनशेतला बाकीचा पैसा वातानुकूलित खुर्चीचा. खुर्ची हवी असेल तर तो जरूर द्या.

गोड हवी तर साखर घालू नका, गारव्यात ती तळाशी कचकचत राहते. एकास एक पाक करून ठेवा, गुळाचाही चालतो. दूध घातलं तर ती त्याच वेळी संपवायची.

आणि पाण्यासारखी गटागटा पिऊ नका. कडवटपणा नसल्यानं जिभेला इशारा मिळत नाही, पण कॅफीन सगळं आत असतं. अरेबिकात वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास कॅफीन, ८० ग्रॅममध्ये सुमारे हजार मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं उतरतं असं धरलं तरी ग्लासाला दीडशेच्या आगेमागे पडतं. रोबस्टात जवळपास दुप्पट. धडधाकट माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर बाईला २०० पर्यंत, ही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं घातलेली मर्यादा आहे. म्हणजे मोठ्यांना दोन ग्लास, तेही संध्याकाळच्या आत. उन्हातून आलेल्या पोराच्या हातात सरबत द्या, ही नको.

बाटलीवर गाळल्याची तारीख लिहा. चौथ्या दिवसापर्यंत संपवा, पाचव्या दिवशी उरली तर कुंडीतसुद्धा नको, मोरीत ओता. वास घेऊन ठरवू नका, कारण जी कॉफी घातक झालेली असते तिला वास येईलच असं नाही. आणि कॅफेत बाटलीबंद कोल्ड ब्रू घेताना हीच तारीख मागा. बाटलीवर ती नसेल, किंवा बाटली फ्रिजऐवजी काउंटरवर मांडलेली असेल, तर पैसे देऊ नका.